कावेरीकाठचे गलाईवाले काका

मागच्या दोन भागांत आपण तंजावरात होतो. व्यंकोजीराजांपासून १८५५ साली राज्य खालसा होईपर्यंतचा काळ पाहिला, सरफोजीराजांचा सरस्वती महाल पाहिला, बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेलं भोसल्यांचं वंशचरित्र पाहिलं. आज त्याच मुलखात राहू, पण राजवाड्यातून बाहेर पडून बाजारात येऊ.

तंजावरहून बसने तासाभरात पोचाल असं कावेरीच्या काठी एक तालुक्याचं गाव आहे. तिथल्या सोनारांच्या गल्लीत एक मराठी माणूस १९७४ ते २०१८ अशी ४४ वर्षं काम करत होता. दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली. पुढे एक काउंटर, काचेच्या पेटीत ठेवलेला तराजू, मागे भट्टी, आणि भिंतीवर तीन चित्रं : शिवाजी महाराज, विठोबा-रखुमाई आणि मुरुगन. मोराचं वाहन असलेला हा मुरुगन म्हणजे आपला कार्तिकेय. काकांचा मुलगा अजून त्याच गल्लीत व्यवसाय करतो. म्हणून त्यांचं नाव आणि गावाचं नाव मी सांगणार नाही. या धंद्यात कुणी कुणाचं नाव उगाच घेत नाही, तो रिवाज इथेही पाळू या.

तुम्ही पाटण्यात असा, त्रिचीत असा, कोलकात्यात असा, सराफ बाजारात एकदा आतल्या गल्लीपर्यंत फिरून बघा. चकचकीत पेढ्यांच्या मागे कुठेतरी एक धुरकटलेलं दार असतं, आणि आतून कुणीतरी 'आरं, मूस सरळ धर की!' असं ओरडतं. ही आपली माणसं. सांगली जिल्ह्यातले खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव हे तालुके, साताऱ्यातले माण आणि खटाव, सोलापुरातला सांगोला, एवढ्या पट्ट्यातून ती गेलेली आहेत. काश्मीरपासून केरळपर्यंत, आणि पुढे नेपाळातही. धंद्याचं नाव गलाई. जुने दागिने गाळायचे आणि त्यातून शुद्ध सोनं, शुद्ध चांदी वेगळी काढायची. दागिने घडवणारा सोनार वेगळा, विकणारा सराफ वेगळा, आणि या दोघांच्या मधला हा तिसरा. गिऱ्हाइकाला तो सहसा दिसतच नाही.

हा पट्टा नकाशात बघितला की कारण कळतं. सह्याद्रीवर पाऊस सांडून ढग पुढे येतात तेव्हा त्यांच्यात काही उरलेलं नसतं. माणदेश म्हणजे मेंढरं, हुलगे, बाजरी आणि वाट बघणं. काका १९५८ चे. १९७२ च्या दुष्काळात ते चौदा वर्षांचे होते. आईबरोबर सरकारी कामावर खडी फोडत होते, तिथे मिळणारी सुकडी खात होते, आणि अमेरिकेहून आलेल्या त्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी. मिलोचा विषय निघाला की ते तोंड वाकडं करायचे. 'आवो, जनावरं हुंगून बाजूला व्हायची, आन् आमी खाल्ली.' दोन वर्षांनी तंजावरकडे गलाईचं दुकान असलेला मामा जत्रेला आला आणि जाताना भाच्याला घेऊन गेला. सांगली-मिरजेच्या पलीकडे तोपर्यंत या मुलाने काही पाहिलेलं नव्हतं. मद्रासला गाडी बदलताना फलाटावर मामाचा सदरा धरून उभा होतो, असं ते सांगत.

माझा संबंध असा, की माझे वडील बँकेत होते आणि १९८४ साली त्यांची बदली त्या गावात झाली. मी नऊ वर्षांचा होतो. गावात मराठी बोलणारी घरं दोन : एक आमचं, एक दुकानाच्या माडीवरचं काकांचं. तेव्हा ते तिशीतही नव्हते, पण आमचे ते काकाच. वडिलांना ते 'साहेब' म्हणत आणि आईला 'वहिनी'. कावेरीचं खोरं म्हणजे भाताचं कोठार. ज्वारीचं पीठ मिळायचं नाही. काका गावाहून येताना एक पोतं ज्वारी आणायचे आणि त्यातली पाच किलो आमच्याकडे पोचती व्हायची. आई पैसे देऊ लागली तर म्हणायचे, 'वहिनी, ह्ये तोलून दिलेलं न्हाय, मग पैसं कशाचं?' तोलणं हे त्यांच्या लेखी दुकानातच.

आता त्या दुकानात काय चालायचं ते नीट सांगतो, कारण गोष्ट सगळी त्यावर उभी आहे.

सोनार किंवा सराफ जुनं सोनं घेऊन येई. आधी वजन. मग कसोटीच्या काळ्या दगडावर रेघ ओढून अंदाज. हा अंदाज काका बोलून दाखवत नसत. मग मुशीत घालून भट्टी. सोनं १०६४ अंशाला वितळतं, चांदी त्याच्या शंभरेक अंश आधी. आणि इथे नवख्या माणसाला कोडं पडतं. सोनं शुद्ध करायचं म्हणून ते आधी जास्त अशुद्ध करतात. म्हणजे एक भाग सोन्यात साधारण तीन भाग चांदी मुद्दाम मिसळतात. कारण पुढे जे तेजाब वापरायचं, ते चांदी-तांबं खातं, सोन्याला शिवत नाही. पण सोनं जास्त असेल तर आतल्या चांदीपर्यंत ते पोचूच शकत नाही. म्हणून ही भर. मग तो वितळलेला रस थंड पाण्यात ओततात, त्याचा रवा होतो. रवा तेजाबात घालून तापवायचा. त्यातून लालसर तपकिरी धूर निघतो. चांदी-तांबं विरघळून जातं आणि तळाशी काय उरतं, तर तपकिरी माती. ओल्या काथासारखी दिसते. तेच शुद्ध सोनं. कुणी दाखवलं नाही तर आपण ते झाडून टाकू. ती माती धुवायची, टाकणखार घालून पुन्हा मुशीत, आणि मग लगड पिवळी होऊन बाहेर येते.

चांदीही वाया जात नाही. त्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की तांबं विरघळत जातं आणि चांदी करड्या भुग्यासारखी खाली बसते. पाणी निळंहिरवं होतं. मला लहानपणी ते पाणी बघायला फार आवडायचं आणि काका मला त्याच्या चार हात लांब उभं करायचे. दुकानातला केरसुद्धा कुणी बाहेर टाकत नसे. वर्षभर साठवून धुवायचा. सोनाराच्या दुकानातली माती धुऊन सोनं काढणाऱ्यांना आपल्या जुन्या मराठीत झारेकरी असा शब्द आहे. काकांनी तो ऐकलेला नव्हता. मी सांगितल्यावर खूश झाले. 'म्हंजी आमचं बी नाव पुस्तकात हाय तर!'

आता या सगळ्यात गिऱ्हाइकाच्या बाजूने बघा. तुम्ही एक साखळी देता. ती वितळते, त्यात परकी चांदी मिसळते, ती विरघळते, माती होते, पुन्हा वितळते. संध्याकाळी हातात जे येतं, त्यात तुमच्या साखळीची काही खूण नाही. किती निघालं, हे तो माणूस सांगेल ते खरं. घट किती आली, हे तो सांगेल ते खरं. मुशीला चार गुंजा चिकटून राहिल्या तर तुम्हाला कळायचं नाही, आणि त्या चार गुंजा रोज चिकटू दिल्या तर दहा वर्षांत माडी उठते. सोनारांना हे सगळं ठाऊक असतं. म्हणूनच गल्लीत एखादा गलाईवाला टिकला असेल, तर तो का टिकला असावा, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

गुंजेवरून एक सांगतो. आपला जुना हिशेब आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. तमिळ सोनार जुन्या हिशेबात 'कुंडुमणि' मोजतात. ती कुंडुमणि म्हणजे तीच लाल बी, काळ्या टिक्क्याची. काकांना पहिल्या वर्षी जो शब्द आपला वाटला तो हा. बाकी सगळं परकं होतं. आपण तोळ्यात बोलतो, तिथे पवुनात बोलतात. एक पवुन म्हणजे आठ ग्रॅम. काका बोलायचे पवुनात, लिहायचे ग्रॅममध्ये, आणि गावाकडून भावाचा फोन आला की तोळ्यात. तिन्ही हिशेब तोंडी.

सुरुवातीला लोक त्यांना 'सेटू' म्हणत. म्हणजे शेठ. उत्तरेकडून आलेला, सोन्याचांदीशी संबंध असलेला कुणीही तिथे सेटू. काकांना ते आवडत नसे. शेठ म्हणजे व्याजाने पैसे देणारा, आणि त्यांच्या आईचं मंगळसूत्र बहात्तर साली अशाच एका शेठकडे गेलं ते परत आलं नव्हतं. त्यांनी कुणाला टोकलं नाही. भाषा शिकले. सोनारांबरोबर पहाटे नदीवर गेले, त्यांच्या लग्नांत पंगतीला वाढलं, ताप आलेल्या म्हाताऱ्या आसारींना सायकलवर दवाखान्यात नेलं. आसारी म्हणजे तिथला सोनार. आम्ही तिथे पोचलो तोपर्यंत सेटूचं 'अण्णे' झालेलं होतं. वयाने मोठे आसारीही त्यांना अण्णे म्हणत, याचं माझ्या वडिलांना नवल वाटे. निघताना तमिळ माणूस 'जातो' म्हणत नाही, 'पोयिट्टु वरेन' म्हणतो, जाऊन येतो. आपणही 'येतो' म्हणतो. काका म्हणायचे, 'ह्येवढं एक बघितलं आन् म्हनलं, हितं ऱ्हाता येईल.'

पण कायद्याच्या नजरेत ते राहणं सोपं नव्हतं. १९६२ च्या चीनयुद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं. चौदा कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी. देशभरातल्या सोनारांच्या भट्ट्या थंड झाल्या. चौदा कॅरेटची अट १९६६ साली गेली, पण १९६८ साली रीतसर सुवर्ण नियंत्रण कायदा आला आणि तो १९९० पर्यंत राहिला. सामान्य माणसाला शुद्ध सोन्याची लगड जवळ ठेवायला मनाई, गाळणाऱ्याला परवाना, सोनाराला वही. म्हणजे काकांची धंद्यातली पहिली सोळा वर्षं अशी गेली की ज्या वस्तूत त्यांचं कसब होतं, ती वस्तूच संशयास्पद होती. पाटीवर त्या काळात फक्त चांदीचं नाव होतं. सोनं येई ते सोनाराच्या नावाने, सोनाराच्या वहीत नोंद होऊन, आणि संध्याकाळच्या आत परत जाई. रात्री दुकानात सोनं ठेवायचं नाही, हा मामाने घालून दिलेला नियम होता. कायदा गेला तरी त्यांनी तो बदलला नाही. फक्त एक अपवाद होता.

ताली. आपल्याकडे मंगळसूत्र तशी तिकडे ताली. नवरा गेल्यावर, किंवा घरावर फारच बेतल्यावर ती गाळायला येते. बहुतेक वेळा सोनारामार्फत, कधी कधी बाई स्वतःच येते. काका ती त्या दिवशी गाळत नसत. पैसे देत, वजन लिहीत, ताली कागदाच्या पुडीत बांधून मुरुगनच्या चित्रामागे ठेवत आणि म्हणत, उद्या गाळीन. रात्रीतून एखाद्या भावाला, एखाद्या मुलाला कळायचं, सकाळी कुणीतरी पैसे घेऊन दारात उभं असायचं. घेतले तेवढेच पैसे परत घेऊन ते पुडी देऊन टाकत. आता हिशेबाने बघा. १९७५ च्या सुमारास दहा ग्रॅमला साडेपाचशेच्या आसपास असलेलं सोनं १९९० पर्यंत तीन हजारांच्या वर गेलं होतं. रोज भाव हलत होता, आणि हा माणूस घेतलेलं सोनं रात्रभर तसंच ठेवून आदल्या दिवशीच्या दराने परत देत होता. धंदा म्हणून हे चूक आहे. माझ्या बँकेतल्या वडिलांनी त्यांना तसं सांगितलंही होतं. काका म्हणाले, 'साहेब, सगळ्याच बायका परत येत न्हाईत. ज्या येत्यात त्येंच्यापायी किती बुडतंय? सालाचं चार ग्रॅम.' म्हणजे त्यांनी त्याचाही हिशेब ठेवला होता!

१९८९ साली आमची बदली झाली. त्यानंतरचं मी पुढे अधूनमधून गेलो तेव्हा काकांकडून आणि नंतर त्यांच्या मुलाकडून ऐकलेलं आहे.

१९९७ साली एका चोरीच्या तपासात दुसऱ्या जिल्ह्यातले पोलीस दुकानात आले. बरोबर चोर. त्याने एक साखळी तीन आठवड्यांपूर्वी या गल्लीत विकली होती. एका सोनाराने ती घेतली, काकांनी गाळली. साखळी तीन पवुनांची, म्हणजे चोवीस ग्रॅम. सांगितलेल्या जबाबात मात्र दागिने वाढत गेले आणि मागणी ऐंशी ग्रॅमची झाली.

इथे कायदा समजून घ्या. भारतीय दंड संहितेचं कलम ४११ : चोरीचा माल बेइमानीने घेणं किंवा जवळ ठेवणं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. अट अशी, की तो माल चोरीचा आहे हे घेणाऱ्याला ठाऊक हवं, किंवा तसं मानायला त्याच्याकडे कारण हवं. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, कलमाचा आकडा बदलला, अट तीच आहे. कागदावर ही अट गलाईवाल्याचं संरक्षण करते. प्रत्यक्षात काय होतं? चोराने बोट दाखवलं की सोनं 'जप्त' व्हायला हवं, आणि वितळलेल्या सोन्याला खूण नसते. मग कुणाचंही सोनं चालतं. परप्रांतातला माणूस, भाषा येत नाही, ओळखीचा वकील नाही, त्यामुळे तो मागतील तेवढं देऊन मोकळा होतो. गलाई व्यावसायिकांची ही तक्रार जुनी आहे, सगळ्या राज्यांतली आहे, आणि विट्या-आटपाडीकडच्या पुढाऱ्यांना दर निवडणुकीत ती ऐकावी लागते.

काकांनी चोवीस ग्रॅम द्यायची तयारी दाखवली. साखळी आली होती, ते नाकारायचा प्रश्नच नव्हता. वरचे छप्पन्न ग्रॅम द्यायला नकार दिला. दुकानात तेवढं सोनं होतं, पण ते दोन आसारींचं होतं. त्यांना उचलून नेलं. तीन दिवस ठेवलं. मारलं का, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मुलगा म्हणतो, परत आल्यावर महिनाभर बाबा डाव्या हाताने जेवण वाढून घेत होते.

त्या तीन दिवसांत गल्लीतली एकही पट्टरै, म्हणजे सोनारांची कामाची खोली, उघडली नाही. कुणी हाक दिली नव्हती. ज्या आसारींचं सोनं वाचवायला ते गेले होते त्यांनी आपलं दार लावलं, शेजाऱ्याने बघून आपलं लावलं. लग्नसराई होती. सराफांना दागिने वेळेवर मिळेनात, तेव्हा सराफ हलले, वकील झाला, जामीन झाला.

खटला सहा वर्षं चालला आणि निकाल लागला तो वहीवर. काकांची वही म्हणजे लांबोडकी, लाल कापडी बांधणीची. रोजचं पान. कुणाकडून, किती आलं, किती भर घातली, किती निघालं, घट किती. त्या साखळीची नोंद होती. कोणत्या आसारींनी आणली, वजन किती, तारीख काय, सगळं. एकच अडचण. काकांना तमिळ बोलता येई, लिहिता येत नसे. त्यांनी तमिळ नावं आणि तमिळ शब्द देवनागरीत लिहिले होते, मधेमधे मराठी. 'चिन्न आसारी, पळय चैन, कडी तुटकी.' लहान आसारी, जुनी साखळी, कडी तुटलेली. हे न्यायालयात वाचणार कोण? हिंदी येणाऱ्याला तमिळ कळेना, तमिळ येणाऱ्याला अक्षर लागेना.

तंजावरातले एक निवृत्त शिक्षक आले. तंजावरी मराठी घराण्यातले. तीनशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज तिथे गेलेले. त्यांचं मराठी काकांना धड कळेना, काकांचं माणदेशी त्यांना कळेना, शेवटी दोघं तमिळमध्ये बोलू लागले! पण अक्षर दोघांचं एक होतं. गुरुजींनी वही मोठ्याने वाचून दाखवली आणि प्रत्येक ओळीचा तमिळ अर्थ सांगितला. अकरा महिन्यांच्या नोंदी. ज्या माणसाने तुटक्या कडीचीसुद्धा नोंद केली, त्याला माल चोरीचा असल्याचं ठाऊक होतं असं मानायला आधार दिसत नाही, असा बचाव होता. २००३ साली काका सुटले. गुरुजींनी जायच्या-यायच्या बसभाड्याखेरीज काही घेतलं नाही. त्यानंतर ज्वारीची पाच किलोची पिशवी तंजावरला जाऊ लागली.

ही वही मी पाहिली आहे. सरस्वती महालातले मोडी कागद आपण मागच्या भागात पाहिले, त्यांतही असेच हिशेब आहेत : कुणाला किती धान्य दिलं, कोणत्या कारागिराला किती पगार. ते जपले गेले कारण ते दरबाराचे होते. काकांच्या अशा एकोणतीस वह्या एका लोखंडी पेटीत आहेत आणि आणखी दहा-बारा पुराच्या पाण्यात गेल्या. मराठी माणूस तमिळ देशात कसा राहिला याचा असा पुरावा मला तरी दुसरीकडे मिळालेला नाही, आणि भारतभर विखुरलेल्या गलाईच्या दुकानांत अशा किती पेट्या असतील याचा विचार करा. तुमच्या घरात असेल तर रद्दीत घालू नका, एवढी विनंती आहे.

गावाकडचं थोडक्यात. काका दरवर्षी जत्रेला जात. २००२ साली, खटला चालू असताना, त्यांनी गावात दोन मजली घर बांधलं. लोक त्याला 'मद्रासवाल्यांचं घर' म्हणत. त्यात राहायला आई एकटी. शाळेला दोन खोल्या दिल्या, देवळाला कळस दिला. गलाईवाल्यांच्या गावांत हे सगळीकडे दिसतं. मोठी घरं, चकचकीत देवळं, आणि ओट्यावर बसलेले म्हातारे. पुढे टेंभू योजनेचं पाणी त्या भागात आलं, भावाने डाळिंब लावलं. भाऊ म्हणाला, आता ये परत, पाणी आलंय. काका गेले नाहीत. गावात दोन आठवडे झाले की त्यांना कावेरीच्या काठची सकाळची कॉफी आठवायला लागे. हे ते हसून सांगत, पण आईला शेवटच्या दिवसांत भेटता आलं नाही, हे सांगताना हसत नसत.

तो तपकिरी धूर त्यांना भोवला. चाळीस वर्षं आठ बाय दहाच्या खोलीत. चिमणी होती, पंखा होता, नाकाला पंचा होता. या धंद्यात सगळे गूळ खातात, गुळाने छाती साफ होते म्हणतात. होत नाही. पन्नाशीनंतर त्यांना जिना चढवेना. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री, पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्याची घोषणा झाली तेव्हा, दुकानाच्या दाराशी माणसं आली. जुन्या नोटा घ्या, लगड द्या, भाव तुम्ही म्हणाल तो. काका खोकत माडीवरून खाली आले, दुकानात सोनं नसतं म्हणाले आणि पुन्हा वर गेले. सोनं खरोखरच नव्हतं. मामाचा नियम.

२०१८ च्या पावसाळ्यात ते गेले. त्या वर्षी कावेरीला खूप पाणी होतं. आसारींनी त्यांना खांदा दिला.

मी २०१९ साली गेलो. मुलाने दुकान वाढवलंय, पलीकडची खोली घेतली आहे. क्ष-किरणांचं यंत्र आणलंय. दागिना ठेवला की मिनिटाच्या आत पडद्यावर टक्के येतात. कसोटीचा दगड काउंटरवर आहे, पण कागद उडू नये म्हणून. २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा झाला, टप्प्याटप्प्याने जिल्हे वाढत गेले, दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांची खूण आली. त्यामुळे गाळायच्या आधी निदान माल कुठला ते कळतं, असं मुलगा फोनवर म्हणत होता. मोठ्या कारखान्यांनी गाळण्याचं काम ओढून घेतल्याचंही म्हणत होता. त्याच्या मुली इंजिनिअर होणार आहेत, आणि त्याला त्याचं दुःख नाही.

मुरुगनच्या चित्रामागे त्याला एक पुडी सापडली होती. तिच्यावर वडिलांचं अक्षर : तारीख जून २०१८ ची, वजन चार ग्रॅम दोनशे मिली, आणि देवनागरीत एका बाईचं नाव, पुढे 'नाळै वरेन'. उद्या येते. काका त्याच आठवड्यात दवाखान्यात गेले होते. मुलाने नाव विचारत दोन गल्ल्या पालथ्या घातल्या, बाई सापडली नाही. मी विचारलं, मग काय केलंस? त्याने सांगितलं, चित्र नव्या दुकानात हलवलं तेव्हा पुडीही हलवली.